पाच रुपयांचे तिकीट आणि न आलेली बस : बेस्टच्या भाडेकपातीचे प्रकरण

९ जुलै २०१९ रोजी मुंबईत बेस्टच्या साध्या बसचे किमान भाडे ८ रुपयांवरून ५ रुपयांवर आले. ९ मे २०२५ रोजी तेच भाडे १० रुपये झाले. या दोन तारखांच्या मधल्या काळात मुंबईने मोठा प्रयोग केला. बस स्वस्त केली की माणसे परत बसकडे वळतात का, हे तपासून पाहिले. माणसे वळली. पण त्यांना घ्यायला पुरेशा बस आल्या नाहीत. भाड्याचा निर्णय आणि ताफ्याचा निर्णय वेगवेगळे घेतले की काय होते, हे समजून घेण्यासाठी हे प्रकरण मांडले आहे. घटनाक्रम सार्वजनिक आहे. कंत्राटदार कंपन्या आणि व्यक्ती यांची नावे मात्र दिलेली नाहीत.

पार्श्वभूमी

मुंबईत लांबचा प्रवास लोकलने होतो. कोविडपूर्वी उपनगरी गाड्यांतून रोज पाऊण कोटीच्या आसपास प्रवासी जात. बेस्टचे काम वेगळे आहे. घर ते स्टेशन आणि स्टेशन ते कामाचे ठिकाण, असे चार-पाच किलोमीटरचे दोन तुकडे तिच्या वाट्याला येतात. शिवाय पूर्व-पश्चिम जाणारा प्रवास बेस्टचाच, कारण रेल्वेचे मुख्य मार्ग उत्तर-दक्षिण आहेत. वांद्रे स्टेशन पूर्वेहून वांद्रे-कुर्ला संकुलातून कुर्ला स्टेशन पश्चिमेला जाणारी ३१० नंबरची बस हे त्याचे नेहमीचे उदाहरण. लोकलमधून उतरलेल्या माणसाला शेवटच्या टप्प्यावर बस मिळाली नाही तर सगळा प्रवासच रिक्षावर किंवा स्वतःच्या दुचाकीवर जातो.

बेस्ट हा मुंबई महापालिकेचा उपक्रम. १९४७ साली ट्राम, बस आणि वीजपुरवठा एकत्रच महापालिकेकडे आले. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या शहर भागाला बेस्ट वीज पुरवते आणि बसची तूट बरीच वर्षे या वीजग्राहकांच्या बिलांतून भरून निघत होती. वीज नियमनाच्या नव्या व्यवस्थेत ती वसुली २०१६ च्या सुमारास थांबली. बसचे परवडणारे भाडे त्या एका आधारावर उभे होते. तो आधार गेला आणि त्याच्या जागी दुसरा कायमचा आधार कोणता, हे कोणी ठरवले नाही. या प्रकरणातल्या पुढच्या बहुतेक अडचणींचे मूळ तिथे सापडते.

त्याआधी २०१५ मध्ये दोन टप्प्यांत भाडे वाढवून किमान ८ रुपये केले होते. या ८ रुपयांत फक्त दोन किलोमीटर जाता येत असे. प्रवासी तुटले. एके काळी चाळीस लाखांहून अधिक असलेली दैनंदिन प्रवासीसंख्या २०१९ च्या सुरुवातीला सतरा ते वीस लाखांच्या घरात होती. ताफा तेहतीसशेच्या आसपास उरला होता. जानेवारी २०१९ मध्ये कामगारांचा नऊ दिवसांचा संप झाला. एवढा लांबलेला संप बेस्टने त्याआधी पाहिला नव्हता.

अडचण

२०१५ च्या भाडेवाढीने नेमके कोणाला दूर लोटले? दोन-तीन किलोमीटर जाणाऱ्याला. त्या वेळी शेअर रिक्षात माणशी साधारण १० रुपये लागत. बसला ८ रुपये आणि वर दहा-पंधरा मिनिटे थांब्यावर उभे राहणे. दोन रुपये वाचवण्यासाठी कोणी एवढे थांबत नाही. लांबच्या प्रवाशाला बस सोडवत नाही, त्यामुळे तो टिकला. पण बसचे पैसे जवळच्या प्रवाशावरच निघतात, कारण एकच सीट एका फेरीत दोन-तीनदा विकली जाते. तोच गिऱ्हाईक गेला.

उत्पन्न घटले म्हणून नव्या बस घेणे थांबले. बसचे आयुष्य पंधरा वर्षांचे धरले जाते. दरवर्षी जुन्या बस मोडीत निघत आणि त्यांच्या जागा रिकाम्या राहत. बस कमी झाल्या की फेऱ्यांमधले अंतर वाढते. अंतर वाढले की आणखी प्रवासी जातात.

फेऱ्यांच्या अंतराचे गणित एकदा नीट मांडायला हवे, कारण चर्चा नेहमी तिकिटावर होते आणि हे बाजूला राहते. स्टेशन ते वसाहत असा ५ किलोमीटरचा मार्ग घ्या. गर्दीच्या वेळी ताशी १० किलोमीटर वेग धरला तर एका बाजूला ३० मिनिटे लागतात. दोन्ही टोकांना ५-५ मिनिटे थांबायला दिली तर पूर्ण चक्कर ७० मिनिटांची होते. ७ बस लावल्या तर दर १० मिनिटांनी एक बस सुटते. सकाळी दोन बस आगारातूनच निघाल्या नाहीत, एक नादुरुस्त आणि एक चालक नाही म्हणून, तर अंतर १४ मिनिटांवर जाते. स्टेशनबाहेरच्या कोंडीमुळे वेग ताशी ८ किलोमीटरवर आला तर चक्कर ८५ मिनिटांची होते आणि उरलेल्या ५ बसमध्ये अंतर १७ मिनिटे होते. त्यातच दोन बस एकामागोमाग आल्या, की मागच्या माणसाला अर्धा तास उभे राहावे लागते.

आता माणसे मोजू. बसमध्ये ४० जण धरले तर १० मिनिटांच्या अंतराने तासाला २४० जण निघतात, १४ मिनिटांच्या अंतराने सुमारे १७०. राहिलेले सत्तर जण शेअर रिक्षात बसतात. म्हणजे त्याच स्टेशन रोडवर तासाला तेवीस-चोवीस रिक्षा वाढतात आणि त्याच पुढच्या बसचा वेग आणखी खाली आणतात. अंधेरी, कुर्ला, घाटकोपर, मालाड, कोणत्याही स्टेशनबाहेर सकाळी नऊला उभे राहिले की ही साखळी दिसते.

समोर असलेले पर्याय

२०१९ च्या पहिल्या सहामाहीत उपक्रम आणि महापालिका यांच्यासमोर चार वाटा होत्या.

भाडे आणखी वाढवणे. २०१५ चा अनुभव ताजा असल्याने हा पर्याय लवकर मागे पडला.

तोट्यातले मार्ग बंद करून उरलेल्या मार्गांवर बस दाट करणे. कागदावर हा पर्याय चांगला दिसतो. मात्र तोट्यातला मार्ग बहुधा डोंगराकडेच्या वस्तीचा किंवा पुनर्वसन वसाहतीचा असतो आणि तिथे दुसरे स्वस्त साधन नसते.

महापालिकेच्या पैशाने स्वतःच्या नव्या बस घेणे. यात भांडवल एकदम लागते. शिवाय प्रत्येक बसमागे चालक, वाहक आणि कार्यशाळेतला कामगार कायमस्वरूपी घ्यावा लागतो. महापालिकेला वाढत्या पगारबिलाची धास्ती होती.

चौथी वाट भाडेतत्त्वावरच्या बसची. इथे बस, चालक, इंधन आणि देखभाल कंत्राटदाराची असते. मार्ग, वेळापत्रक, वाहक आणि तिकिटाचे पैसे बेस्टचे. कंत्राटदाराला दर किलोमीटरमागे ठरलेला दर मिळतो. बसमध्ये माणसे किती बसली याच्याशी त्याचा संबंध नसतो. कामगार संघटनेचा या पद्धतीला विरोध होता आणि वाद न्यायालयातही गेला होता.

निर्णय

निवड चौथ्या वाटेची झाली आणि तिच्या जोडीला भाडेकपात आली. महापालिकेने ६०० कोटी रुपये देऊ केले. जून २०१९ मध्ये संघटनेशी करार झाला. संघटनेने भाडेतत्त्वावरच्या बसला वाट दिली आणि त्या बदल्यात बेस्टने स्वतःच्या ३,३३७ बस कायम ठेवायच्या, असे ठरले. हा आकडा लक्षात ठेवावा.

भाड्याचा प्रस्ताव बेस्ट समितीतून पुढे गेला आणि मुंबई महानगर क्षेत्र परिवहन प्राधिकरणाच्या मंजुरीनंतर ९ जुलैला लागू झाला. नवी रचना सोपी होती : ५ किलोमीटरपर्यंत ५ रुपये, १० पर्यंत १०, १५ पर्यंत १५, त्यापुढे २०. वातानुकूलित बसला ६, १३, १९ आणि २५ रुपये. टप्पे मोजायची कटकट संपली आणि घर ते स्टेशन हा जवळजवळ प्रत्येक प्रवास पाच रुपयांत बसला. लोकलचे दुसऱ्या वर्गाचे किमान तिकीटही पाचच रुपयांचे. इतका विचारपूर्वक केलेला दरतक्ता या शहराने बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता.

परिणाम पहिल्या आठवड्यातच दिसला. प्रवासी लाखांनी वाढले आणि पुढच्या काही महिन्यांत रोजची संख्या तीस लाखांच्या आसपास गेली. शेअर रिक्षाच्या रांगेतली माणसे बसच्या रांगेत आली.

पैशाचे गणित मात्र पहिल्या दिवसापासून उघड होते. सरासरी भाडे निम्म्यावर आले तर उत्पन्न टिकवायला प्रवासी दुप्पट लागतात. ते साधारण दीडपट झाले. म्हणजे उत्पन्न पाऊणपटीवर. यात धक्का बसण्यासारखे काही नव्हते, महापालिकेचा पैसा त्यासाठीच होता. प्रश्न एवढाच होता की तो पैसा किती वर्षे आणि कशाच्या हिशेबाने येणार.

काय घडत गेले

पहिल्या टप्प्यात वातानुकूलित मिनी (छोट्या) आणि मिडी (मध्यम आकाराच्या) बस आल्या. अरुंद रस्त्यांसाठी आणि स्टेशनच्या छोट्या फेऱ्यांसाठी त्या योग्य होत्या. काही मार्गांवर वाहक बसमधून काढून थांब्यावर उभा केला गेला आणि तिकीट बसमध्ये चढण्याआधी देण्यात आले. दोन टोकांमध्ये थेट धावणाऱ्या बसला हे जमते. मधे दहा थांबे असतील तर विनातिकीट प्रवास वाढतो किंवा प्रत्येक थांब्यावर माणूस उभा करावा लागतो, आणि मग वाहक वाचवण्याचा उद्देशच संपतो.

मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाली. त्या महिन्यांत बेस्टने जे केले ते विसरता येणार नाही. परिचारिका, सफाई कामगार, पालिका कर्मचारी यांना विरार, कल्याण-बदलापूर आणि पनवेलच्या बाजूने शहरात आणण्याचे काम बसवर आले. नंतर एसटीच्या सुमारे एक हजार बस मदतीला घेतल्या. लोकल थांबली तरी राजधानी चालू राहिली ती या बसमुळे. पण त्याच काळात तिकिटाचे उत्पन्न आटले, खर्च चालू राहिला आणि नव्या बस घेण्याचा विषय आणखी मागे पडला.

मे २०२२ मध्ये २,१०० विजेवरच्या बसचे मोठे कंत्राट दिले गेले. पुरवठा साधारण वर्षभरात अपेक्षित होता. निविदेवरून वाद उभा राहिला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मे २०२३ मध्ये निकाल लागला. त्यानंतरही बस ठरल्या गतीने आल्या नाहीत. इकडे जुन्या बस मात्र वेळापत्रकाप्रमाणे मोडीत निघत राहिल्या. येणाऱ्या बसची तारीख हलू शकत होती, जाणाऱ्या बसची हलत नव्हती.

ऑक्टोबर २०२२ मध्ये एका कंत्राटदाराने, ज्याच्या अडीचशेहून जास्त मिनी बस धावत होत्या, काम सोडले. परवडत नाही हे कारण. पुढच्या काळात आणखी कंत्राटदार बाहेर पडले. ऑगस्ट २०२३ च्या पहिल्या आठवड्यात कंत्राटी चालकांनी पगाराच्या आणि सोयींच्या मागणीसाठी काम बंद केले. घाटकोपर आणि मुलुंड आगारांतून सुरू झालेला हा संप बहुतेक आगारांत पसरला आणि मुख्यमंत्र्यांच्या मध्यस्थीनंतर मिटला. एकाच आगारातून, एकाच मार्गावर, तीच बस चालवणाऱ्या दोन चालकांच्या पगारात मोठा फरक असेल तर हे होणारच होते.

९ डिसेंबर २०२४ रोजी कुर्ला पश्चिमेला भाडेतत्त्वावरच्या विजेच्या बसने गर्दीत अनेकांना चिरडले. चालकाला बारा मीटर लांबीच्या, गिअर नसलेल्या बसचा पुरेसा सराव होता का, हा प्रश्न त्यानंतर पुढे आला. विजेची बस पायाखालचा दाब मिळताच लगेच उसळते. डिझेल बस चालवलेल्या हाताला आणि पायाला ती नव्याने शिकावी लागते. बेस्टचे स्वतःचे प्रशिक्षण केंद्र दिंडोशीला आहे. तरीही कंत्राटातल्या चालकाच्या तयारीची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न अपघातानंतर विचारावा लागला, ही फार वाईट गोष्ट आहे.

परिणाम

२०२५ येईपर्यंत बेस्टच्या स्वतःच्या बस हजाराच्या आत आल्या होत्या. करारातला आकडा ३,३३७ होता. स्वतःच्या आणि भाड्याच्या मिळून सगळ्या बस तीन हजारांच्याही खाली होत्या, म्हणजे २०१९ पेक्षा कमी. प्रवासी दीडपट करायचे आणि बस कमी करायच्या, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी झाल्या. भरलेली बस थांब्यावर न थांबता पुढे जाणे हे रोजचे झाले.

९ मे २०२५ ला किमान भाडे साध्या बसला १० आणि वातानुकूलित बसला १२ रुपये झाले. सहा वर्षे एक पैसा वाढवला नव्हता, मग एका दिवसात दुप्पट. याच वर्षी रिक्षाचे किमान भाडे २६ रुपये झाले होते. शेअर रिक्षात माणशी १०-१५ रुपये पडतात. म्हणजे बस आणि शेअर रिक्षा पुन्हा जवळजवळ एका भावाला आल्या. भाव सारखा असेल तर माणूस जे आधी येईल त्यात बसतो आणि स्टेशनबाहेर रिक्षा नेहमी आधी येते.

निर्णयाचे टप्पे आणि वेगळे काय करता आले असते

पहिला टप्पा, भाडेकपातीचा दिवस. कपात योग्य होती. तिच्यासोबत ताफ्याची तारीखवार योजना लागू व्हायला हवी होती : या तिमाहीत इतक्या बस मोडीत, इतक्या दाखल, आणि दाखल झाल्याशिवाय मोडीत नाही. पाच रुपयांत बोलावलेला प्रवासी दोन-तीनदा भरलेली बस पाहतो आणि चौथ्यांदा थांब्यावर येत नाही.

दुसरा टप्पा, महापालिकेच्या पैशाचे स्वरूप. इथे थोडे थांबून पाहायला हवे. वरच्याच ५ किलोमीटरच्या मार्गावर सकाळी स्टेशनकडे ४० प्रवासी आणि परतीला १० धरा. ५ रुपयांच्या भाड्याने १० किलोमीटरमागे २५० रुपये, म्हणजे किलोमीटरला २५ रुपये मिळतात. भाडे १० केले आणि एकही प्रवासी तुटला नाही तरी ५०. दुपारच्या रिकाम्या फेऱ्या धरल्या तर त्याहून बरेच कमी. बस चालवण्याचा खर्च यात निघत नाही आणि जगातल्या फार थोड्या शहरांत निघतो. अशा स्थितीत प्रत्येक जादा फेरी तूट वाढवते. वर्षाअखेरीला तूट भरून देण्यासाठी ठोक रक्कम मिळत असेल तर हात आखडलेल्या उपक्रमाला फेऱ्या कापणे हाच बचतीचा मार्ग दिसतो. महापालिकेने २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात बेस्टला १,००० कोटी दिले, रक्कम लहान नाही. पण हाच पैसा तुटीसाठी न देता धावलेल्या किलोमीटरसाठी दिला, म्हणजे अमुक मार्गावर गर्दीच्या वेळी दर दहा मिनिटांनी बस आणि प्रत्यक्ष धावलेल्या फेरीमागे इतके रुपये, तर फेरी रद्द केल्याने उपक्रमाचे नुकसान होईल. आज नेमके उलटे आहे.

तिसरा टप्पा, कंत्राटाची कलमे. कमी दराला काम गेले की कंत्राटदाराकडे पैसे काढायच्या दोनच जागा उरतात, चालकाचा पगार आणि बसची देखभाल. दोन्हीचे परिणाम रस्त्यावर दिसले. कलमांत चार गोष्टी हव्या होत्या. चालकाचा किमान पगार निविदेतच ठरलेला असावा, म्हणजे त्यावर स्पर्धा होणार नाही. पगार आणि भविष्यनिर्वाह निधी भरल्याचा पुरावा दिल्याशिवाय पुढचे बिल मंजूर होऊ नये आणि कंत्राटदाराने चुकवले तर बेस्टने थेट चालकाच्या खात्यात पैसे भरून बिलातून कापावेत. इंधन आणि महागाईनुसार दर आपोआप बदलावा, नाहीतर दोन वर्षांनी कोणीतरी बस उभ्या करून निघून जाणारच. आणि कंत्राटदार गेला तर ठरलेल्या किमतीला बस ताब्यात घेऊन चालवण्याचा हक्क बेस्टकडे असावा. एका कंत्राटदाराकडे एखाद्या आगाराच्या सगळ्या बस असू नयेत, हेही त्यातच येते.

चौथा टप्पा, चालकाची चाचणी. पगार कोणीही देवो, बसवर बेस्टचे नाव आहे. बेस्टच्या प्रशिक्षकाने त्याच लांबीच्या, त्याच प्रकारच्या बसवर परीक्षा घेतल्याशिवाय कोणालाही गर्दीच्या मार्गावर पाठवू नये. यासाठी नवा कायदा लागत नाही.

पाचवा टप्पा, सहा वर्षे गोठवलेले भाडे. दरवर्षी पन्नास पैसे-एक रुपया वाढवायला राजकीय धैर्य लागते हे खरे. पण मग एकदम दुप्पट करावे लागते आणि तेव्हा जवळचा प्रवासीच आधी जातो, २०१५ सारखाच. भाडे वाढवतानाही पाच किलोमीटरच्या पहिल्या टप्प्याला सगळ्यात कमी हात लावायला हवा होता. आणि बस बदलली तर ठरावीक वेळेत दुसरे तिकीट लागू नये, ही सोय मार्ग तोडून छोटे करतानाच द्यायला हवी होती.

रस्त्याबद्दल एक गोष्ट राहते. वांद्रे-कुर्ला संकुलात बससाठी वेगळी मार्गिका करून पाहिली होती, ती टिकली नाही. शहरभर मार्गिका आखणे अवघड आहे. पण स्टेशनबाहेरचे शेवटचे पाचशे मीटर सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते नऊ बससाठी मोकळे ठेवणे हे वाहतूक पोलीस, वॉर्ड कार्यालय आणि बेस्ट यांना मिळून करता येते. वरच्या मार्गावर ताशी ८ वरून १० किलोमीटर वेग झाला, तर ५ बसमध्ये १७ मिनिटांचे अंतर १४ वर येते. एकही नवी बस न घेता. ठाणे, नवी मुंबई आणि मीरा-भाईंदरच्या परिवहन सेवांनाही हेच लागू आहे, कारण त्यांच्या बसही याच स्टेशनांबाहेर त्याच रिक्षांमध्ये अडकतात.